पनूचा तोच प्रश्न

३ ऑगस्ट, रविवार

आज पण पनू विहारात आली नाही. सलग तिसरा रविवार. डोकं दुखतंय म्हणे. सोळा वर्षांच्या पोरीचं डोकं दर रविवारी वंदनेच्या वेळेलाच कसं दुखतं, हे मी विचारणार होतो, पण रेखाने डोळे वटारले. आमच्या घरातलं हायकोर्ट तेच.

विहारात अण्णांनी विचारलंच, "सर, आपली कोकिळा कुठंय?" वर्षावास चालू आहे, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, रविवारी सगळी गल्ली वंदनेला. पंचशील सांगायला पनू उभी राहिली की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना पण नीट ऐकू जातं, मागोमाग म्हणायला सोपं पडतं. आज तिच्याऐवजी रेखाने सांगितलं. रेखाचा आवाज... असो. ही वही तिच्या हाती पडू शकते.

घरी आलो तर पनू (वहीत आता नुसतं प.) तशीच बसलेली, ताटात भाकरी तशीच. मला बघून पहिला प्रश्न, "पप्पा, दिलीपकाकांचं बाळ कसंय?"

बाळ मजेत आहे. मागे न्यूमोनिया झाला, परभणीला दवाखान्यात ठेवावं लागलं, आता घरी येऊन चांगलं गुटगुटीत झालंय. हे तिला माहीत आहे. काल पण सांगितलं होतं. परवा पण.

५ ऑगस्ट

बाळ, बाळ, बाळ. सकाळी दात घासताना. कॉलेजच्या बसला सोडताना. संध्याकाळी स्टँडवर आणायला गेलो तेव्हा हेल्मेट काढायच्या आधी. शेवटी म्हटलं थांब, फोनच लावतो. दिलीप माझा जुना विद्यार्थी, खो-खोत लय चपळ होता, आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. स्पीकरवर घेतलं.

"सर, बाळ झोपलंय. दुपारी पनूचा फोन आलता, मघाशी रेखा मॅडमचा. आता तुमी पण झोपा की जरा."

प. हसली. किती दिवसांनी हसली. मी खूश. जेवायला बसलो तर, "पप्पा, दिलीपकाका वैतागल्यासारखे का बोलले? काही लपवायलेत का?"

८ ऑगस्ट

उलगडा झाला.

स्टँडवरून येताना गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला, सोयाबीनच्या बांधाला बसली आणि रडत रडत सगळं सांगितलं. जूनमध्ये दिलीपच्या बाळाचं नामकरण होतं. मांडव, गल्ली भरून माणसं. पंचशील सांगायला हीच उभी होती. तिसरं झालं आणि ही एकदम पाचव्यावर गेली. चौथं राहिलं, खोटं न बोलण्याचं.

"मी जे म्हणले तेच सगळे मागनं म्हणले, पप्पा. कुणीच थांबवलं न्हाई. पूर्ण मांडवाचं राहिलं माझ्यामुळं."

आणि आठवड्याभरात बाळ दवाखान्यात.

मी हसलो. खरं म्हणजे जीव भांड्यात पडला होता, मनात काय काय भलतंसलतं येऊन गेलं होतं. "एवढंच होय!" म्हणालो. तिचा चेहरा एकदम मिटला. हसायला नको होतं.

मग ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. "मला माहितीय आपल्यात अपशकुन मानत न्हाईत. मी पण मानत न्हाई. तरी तेच फिरायलंय डोक्यात. न मानता फिरायलंय. मग मी कसली हो बौद्ध?"

मी गाडी चालू केली.

९ ऑगस्ट

माझं जालीम औषध काढलं. भाषण.

जयंतीला मी दरवर्षी अंधश्रद्धेवर बोलतो, टाळ्या पडतात. तेच सगळं घरी दिलं. जंतू, पावसाळी ओल, दिलीपच्या घरातली ती हवा न लागणारी आतली खोली, लहान बाळांची छाती. प. मांडी घालून ऐकत होती, मान डोलवत होती.

"पटलं?"

"पटलं."

"मग?"

"पटलंच होतं की आधीपासून."

आतून रेखा, "पालथ्या घड्यावर पाणी." मी विचारलं, घडा कोण, ती का मी? "ठरवा तुमीच," म्हणाली.

१३ ऑगस्ट

आता मैदान. संघातल्या पोरींना मी एकच सांगत आलोय. फाउल झाला? झाला. विसर. पुढचा खो. या एका वाक्यावर आम्ही तालुका कितीदा जिंकला. प.ला संध्याकाळी शाळेच्या मैदानावर नेलं. चिखल होता तरी पळाली. मी पण बरोबर पळालो, इभ्रतीचा प्रश्न. माझा दम निघालेला, आणि शेजारून धापा टाकत आवाज, "पप्पा, बाळाचं वजन वाढायलंय ना?"

घरी येऊन गुडघ्याला मलम. प.नेच चोळून दिलं. तेवढा वेळ काही विचारलं नाही, बहुतेक माझी कीव आली असेल.

१८ ऑगस्ट

परभणीहून येताना बसमध्ये बसली ती आपल्या गावाला, ताडकळसला, उतरायचीच विसरली. पुढच्या फाट्यावरून फोन. गाडी काढून पळालो. टपरीशेजारी बॅग छातीशी धरून उभी होती.

"पाची शीलं मनात म्हणत होते. दर टायमाला मधीच वाटायलं, चौथं झालं का राहिलं? मग परत पहिल्यापासून." गाव कधी मागे गेलं कळलंच नाही म्हणे.

रागावणार होतो. पण मागे बसल्यावर तिने माझा शर्ट मुठीत धरला, लहानपणी सायकलवर धरायची तसा. रागवायचं राहून गेलं.

मला भीती वाटायला लागली आहे. वजन उतरलंय तिचं. मैत्रिणींचे फोन उचलत नाही. ही ती पोरगी, जी स्टँडवरच्या कंडक्टरची हुबेहूब नक्कल करून आम्हाला जेवू द्यायची नाही. मला ती परत पाहिजे, बाकी काही नको.

२१ ऑगस्ट

अण्णांकडे गेलो. अण्णा पोस्टातून निवृत्त, विहाराचं सगळं तेच बघतात. कुणाला सांगू नका म्हणून सगळं सांगितलं.

"चौथं सुटलं व्हतं? आन आमी तसंच म्हनलो मागनं? कुनाच्याच ध्यानात न्हाई आलं? म्हंजे आमी सगळे झोपेतच म्हन्तो का काय वो सर?" हसता हसता ठसका लागला त्यांना. पाणी दिलं.

मग गंभीर झाले. "पोरीच्या जिवाला लागलंय न्हवं? मग परत घेऊ की. नामकरन परत. नाव तर तेच हाय, सम्यक. खीर तेवढी जास्तीची लागंल."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं! घरी येऊन सांगितलं.

रेखा: "अपशकुन मानत न्हाई म्हणायचं आन वरून शांती करायची."

मी: "शांती कुठंय, वंदना आहे."

"बघा बाई."

आयुष्यात पहिल्यांदा हायकोर्टाचा निकाल डावलला.

२४ ऑगस्ट, रविवार

असली माणसं नशिबाने मिळतात, हे आज उघड लिहितो.

कुणाला सांगू नका म्हणालो होतो, म्हणजे अर्थातच सगळ्यांना कळलं. झाडून सगळे आले. दिलीपने दुकान बंद ठेवलं. त्याची बायको शीतल, तिने बाळाला नवीन झबलं घातलं, आणि कसलीही कुरकुर नाही, उलट म्हणाली, "माझ्या लेकराचं दोनदा नामकरन, कुनाचं होतं असं?"

प. उभी राहिली. आवाज आधी बसलेला, मग उघडला. एक, दोन, तीन. चौथ्याला सगळा विहार असा ओरडून म्हणाला की बाहेरची कुत्री उठली. अण्णा मध्येच, "झालं बरं का चौथं, समद्यांनी आयकलं?" सगळे, "हो!" हशा. दिलीपने मोबाईलवर सगळं चित्रण केलं.

नंतर खीर. बाळाने प.चे केस धरून ओढले, सोडेचना. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी. अण्णा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बगा सर, दवा झाली." मला पण रडू आलं. मैदानावर तीन पिढ्या माझ्या शिट्टीला घाबरल्या, आणि मी तिथं खिरीच्या वाटीत बघून रडत होतो.

२६ ऑगस्ट

दोन भाकऱ्या. ठेचा मागून घेतला. भांडी घासताना गुणगुणत होती. बाळाचं नाव नाही. रेखाला म्हटलं, बघितलंस? ती फक्त लेकीकडे बघत राहिली.

२८ ऑगस्ट

आगीतून फुफाट्यात.

"पप्पा, आपल्यात मानत न्हाईत ना?"

"नाही."

"मग परत कशाला केलं?"

"तुझ्या समाधानासाठी."

"न्हाई. खरंच चुकलं होतं म्हणून केलं. चुकलं नसतं तर एवढी माणसं आली असती का? म्हंजे तुमाला पण वाटत होतं माझ्यामुळंच झालं."

तर्कात कुठं खोट काढायची सांगा. पोरगी हुशार आहे, तीच पंचाईत.

३१ ऑगस्ट

दिलीपने तो व्हिडिओ तिला पाठवला होता, प्रेमानेच. आता ती तो लावून बसते. चौथ्यापर्यंत ऐकायचं, मागे न्यायचं, परत ऐकायचं. आता दुसरं शील नीट म्हटलं का, अशी नवी शंका. दोन दिवस कॉलेजला गेलेली नाही. पुढ्यातला चहा साय धरून गार.

अख्ख्या विहाराने मिळून माझ्या लेकीला बरं करायला घेतलं आणि आम्ही तिचं ओझं दुप्पट केलं. प्रत्येकाने प्रेमाने केलं. मी सगळ्यात जास्त.

रेखा: "मंगळवारी परभणी. मनाच्या डॉक्टरकडं. मी सुट्टी टाकलीय." तिची शाळा शेजारच्या वाडीवर, पोरांना सुट्टी देईल पण स्वतः घेणार नाही अशी बाई. मी पण अर्ज लिहिला, कारण: घरगुती काम. तिने वाचला. "ताप असता तर तापच लिहिलं असतं की." फाडला, परत लिहिला. मुलीची तब्येत.

२ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टर बाई तरुण, जिंतूरकडच्या. आधी प.शी एकटीशी बोलल्या, बराच वेळ. बाहेरच्या बाकावर मी आणि रेखा. रेखाने माझा हात धरला होता, लोकांसमोर. लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.

मग आम्हाला आत घेतलं. आजाराचं मोठं नाव सांगितलं, मी लिहून घेतलं नाही. या वयात बऱ्याच पोरांना होतं म्हणाल्या, तिचा दोष नाही, तुमचाही नाही. जिवाचं बरंवाईट करायचं तिच्या मनात नाही, पण थकलीय, लक्ष ठेवा. एक छोटी गोळी, दर आठवड्याला यायचं.

"शेळी कशी रवंथ करते? नवीन चारा नाही, पोटातलंच वर आणून परत चावते. तसं चाललंय डोक्यात."

"म्हंजे मी शेळी?" प. म्हणाली. सगळे हसलो. डॉक्टर बाई पण.

मग माझ्याकडे वळून, "दिवसात किती वेळा सांगता तिला, बाळ बरं आहे म्हणून?"

"विचारेल तितक्या वेळा. आपल्याकडून काही कमी पडू देत नाही मॅडम." अभिमानाने सांगितलं हो मी.

"ते बंद करा."

म्हणे मी सांगितलं की तिला घटकाभर बरं वाटतं, मग शंका परत येते, जास्त भुकेली होऊन. दर उत्तराने मी चारा घालतोय. आता तिने विचारलं की एवढंच म्हणायचं, "हा तोच प्रश्न आहे." आणि दुसऱ्या कामाला लागायचं. फोन नाही, व्हिडिओ नाही. प.समोरच ठरलं, तिने पण मान हलवली. व्हिडिओ तिथंच पुसला, तिच्याच हाताने.

येताना बसमध्ये तिघं एका सीटवर दाटीने बसलो.

३ सप्टेंबर

सकाळी: "पप्पा, बाळ बरंय ना?"

"हा तोच प्रश्न आहे."

तिने बघितलं माझ्याकडे. चपला घातल्या, गेली. मी शाळेत दिवसभर पोरांवर ओरडत होतो, विनाकारण.

६ सप्टेंबर

पकडलो गेलो. प.ने विचारलं, मी शहाण्यासारखं "हा तोच प्रश्न" म्हणालो आणि रेखाच्या पाठीमागून मान हलवली. थोडीशीच. हो, बरंय, अशी.

रेखा वळलीसुद्धा नाही. "सर, मान हलवणं पण उत्तरच हाय."

ही बाई वर्गात फळ्याकडे तोंड करून मागच्या बाकावरची पोरं पकडते, ते मी विसरलोच होतो. आता तोंडात लवंग धरतो, प. घरी आली की. तोंड जळतं, निदान बंद राहतं.

११ सप्टेंबर

दिलीप दुकानातून हाक मारून म्हणाला, "सर, आठवडा झाला, फोन न्हाई आला. समदं ठीक हाय ना? बाळ बरं हाय बरं का." त्याला आता सवय लागलीय. त्याला पण सांगितलं, उत्तर देऊ नको. "मी कुठं उत्तर देतोय, तुमी इचारलंच न्हाई," म्हणाला.

१४ सप्टेंबर

वाईट दिवस.

दुपारी मागेच लागली. एकदा सांगा, फक्त एकदा, शेवटचं. मी तेच वाक्य. ती ओरडली, "तुमी सांगितलं की मला बरं वाटतं. तुमाला मला बरं वाटू द्यायचं न्हाई का? असला कसला बाप हाय!"

रेखाने तिला धरून बसवलं. प. तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. मी बाहेर जाऊन गाडी धुतली. सकाळीच धुतली होती.

दोन शब्द. "बरंय गं." एवढेच द्यायचे होते. जन्मल्यापासून या पोरीने मागितलं आणि मी दिलं नाही असं झालेलं नाही. लय जड जायलंय. इथं कुणी बघत नाही म्हणून लिहितो, त्या डॉक्टर बाईचा मला राग येतो. आणि मंगळवारी तिच्यासाठी घरच्या शेंगा घेऊन जाणार आहे.

२३ सप्टेंबर

जेवताना प.चा हात थांबला. घास तसाच. आम्ही बघतोय, न बघितल्यासारखं करून.

"आलंय," म्हणाली.

रेखा: "कोण?"

"शेळी."

"बसू दे बाजूला. वाढू का तिला पण?"

प. फसकन हसली. घास नाकात गेला, पाठ चोळावी लागली. जेवण पूर्ण केलं. मी लवंग थुंकून आलो.

२४ सप्टेंबर

काल जिंकल्यासारखं लिहिलं. आज परत कॉलेज बुडवलं, भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टर बाई म्हणाल्याच होत्या, सरळ रस्ता नाही हा. माहीत असून पण वाईट वाटतं. प.चं हेच होतं का सगळं? माहीत असून पण?

३० सप्टेंबर

आठवड्यात तीन दिवस कॉलेज. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता पंधरा दिवसांनी या. विचारणं कमी झालंय, थांबलेलं नाही. कधी कधी "पप्पा..." म्हणते आणि स्वतःच थांबते. ते थांबणं मला ऐकवत नाही, पण कौतुक पण वाटतं. विहाराचं नाव काढत नाही. अण्णा पण विचारत नाहीत आता, फक्त तिच्यासाठी खडीसाखरेची पुडी माझ्या खिशात घालतात. आवाजासाठी, म्हणे.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ओसरीवर पेपर वाचत होतो. रेखा शाळेवर, सकाळची शाळा. शीतल आली, बाळ खांद्यावर. चेहरा ओढलेला. "सर, रात्रीपास्नं ताप हाय सम्यकला. दिलीप माल आणायला गेलेत परभणीला. मी आंघोळ करून दवाखान्यात नेते, तवर धरा जरा."

मागे दारात प. उभी. सगळं ऐकलेलं.

मी उडी मारून उठलो. "आण, आण, माझ्याकडं दे."

शीतल माझ्या बाजूने पुढे गेली. "तुमी नका सर, तुमाला बाळ धरता येत न्हाई. पनू, धर गं." दिलं आणि गेली. तिला सगळं ठाऊक आहे, प.चं. तरी दिलं, का मुद्दाम दिलं, मला कळलं नाही. मी बाळाकडे कमी, पोरीकडे जास्त बघत होतो.

प. खाली बसली. बाळाचं तापलेलं डोकं तिच्या गळ्याशी. पांढरी पडली होती.

"पप्पा."

लवंग नव्हती तोंडात.

"पप्पा, याला काही होणार न्हाई ना? परत ॲडमिट करायला लागणार न्हाई ना?"

नाही, नाही, काहीच होणार नाही, असं गळ्यापर्यंत आलं होतं. आणि ते ठरलेलं वाक्य, "हा तोच प्रश्न," तेही आलं, पण कुशीत तापलेलं लेकरू असताना ते मला म्हणवेना. खरंच दुसरं काही सुचलं नाही.

"मला माहीत न्हाई, पनू."

तिने मान वर केली. "तुमाला माहीत न्हाई?"

"न्हाई गं. मलापण भीती वाटायलीय."

मला वाटलं आता रडेल, आता ओरडेल. बाळाने तिच्या खांद्यावर दूध ओकलं. ड्रेसवरून ओघळ खाली.

"अय्यो! पप्पा, ढेकर कसा काढायचा याचा?"

या प्रश्नाला डॉक्टरांची मनाई नव्हती. "उभं धर. हां. पाठीवर थोपट, हळू. खालून वर." मी दाखवत होतो, ती थोपटत होती. शीतल म्हणते ते काही खरं नाही, या हातांनी एक पोरगी वाढवलीय मी. ढेकर आला, मोठ्या माणसासारखा. प. हसली, आणि लगेच बाळाच्या कपाळाला हात लावून बघितला.

शीतल ओल्या केसांनी परत आली. प.ने बाळ दिलं नाही. "मी येते संगं." तशीच, दुधाच्या डागाची, निघाली. मी ओसरीवर एकटा.

५ ऑक्टोबर

गावातल्या डॉक्टरांनी औषध दिलंय. व्हायरल म्हणाले, दोन-तीन दिवस बघा, उतरला नाही तर परभणीला न्या. ताप आज पण आहे.

प.ने काल संध्याकाळी दोनदा विचारलं, आज एकदा. मी तिन्ही वेळा खरं तेच सांगितलं, माहीत नाही. ती चिडते. मग थोड्या वेळाने काहीतरी करायला लागते.

रेखाला सांगितलं, ठरलेलं वाक्य मोडलं मी. बरोबर केलं का चूक?

"माहीत न्हाई," म्हणाली, आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे हसलो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वर्षावासाची समाप्ती आज. संध्याकाळी विहारात सगळे जमतील. प.ला कुणी बोलावलेलं नाही, मी पण नाही.

बाळाचा ताप काल उतरला होता, पहाटे थोडा परत आला, असं दिलीप दूध आणायला जाताना सांगून गेला. प.ने ऐकलं. तरी कॉलेजचे कपडे घातले. आम्हाला वाटलं घरीच राहील. रेखाने डबा भरला, भाजी सांडली.

स्टँडवर गाडीवरून उतरली. बस लागलेली.

"पप्पा, संध्याकाळपर्यंत उतरंल ना ताप?"

"माहीत न्हाई, माय."

खाली बघत उभी राहिली. कंडक्टरने घंटी दिली.

"बरं," म्हणाली. आणि चढली. खिडकीशी बसली, बॅग मांडीवर घेतली. संध्याकाळी विहारात येणार का, दुपारीच उतरून परत येणार का, काही सांगितलं नाही. बस वळेपर्यंत मी उभा होतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. बरं म्हणाली. कसं म्हणाली? रागाने? थकून? का खरंच बरं? खिडकीतून हात हलवला नाही. पण बॅग मांडीवर घेतली, म्हणजे आरामात बसली. का छातीशी धरली होती? परत पहिल्यापासून.

घरी येऊन रेखाला विचारलं. ती शाळेला निघायच्या गडबडीत, केस बांधत होती. "बरं म्हणाली गं. म्हणजे बरी आहे ना ती?"

"माहीत न्हाई."

"पण तुला काय वाटतं?"

"अहो, मघाशीच विचारलंत. आता तिसऱ्यांदा विचारलं तर चहा मिळणार न्हाई." पण जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, प.च्या फिरवते तसाच.

चहा मिळाला, अजून गरम आहे. रेखा फाटकापर्यंत पोचलीय, अजून हाकेच्या अंतरावर आहे. हे लिहितोय आणि तिला थांबवून परत एकदा विचारावंसं वाटतंय.